कानाचं मशीन काढून एमआरआयला जाताना आधी काय ठरवून ठेवायचं?

तलावपाळी (धागाकर्ती)

मंडळी, दोन्ही कानांना मशीन लावणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा काढतेय. कमरेचं दुखणं पायात उतरायला लागलं म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आणि तो मी ठाण्यातच करून घेतला. जाण्याआधी मराठीत बरंच शोधलं. धातू काढा, दागिने काढा, हलू नका, घाबरू नका, हे सगळीकडे सापडलं. पण लिहिणाऱ्या प्रत्येकानं एक गोष्ट धरून चाललेली होती, की पेशंटला ऐकू येतं.

आत गेल्यावर टेक्निशियन काचेपलीकडच्या खोलीत बसतो आणि स्पीकरवरून बोलतो. 'आता पाच मिनिटांची फेरी आहे', 'हलू नका', 'श्वास रोखा', 'ठीक आहात ना?' मशीन काढल्यावर माझ्यासाठी तो स्पीकर नसल्यासारखाच. चष्मा बाहेर ठेवलेला असतो. समोरच्यानं मास्क लावलेला असला तर ओठांवरूनही काही कळत नाही. डोक्याचा किंवा मानेचा स्कॅन असेल तर चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल येते आणि मान वळवून बघताही येत नाही.

मशीन कुठे ठेवायचं याची काळजी सगळे करतात. सेंटरवालेही करतात, कारण ते महागडं असतं. पण मशीन काढल्यावर त्या माणसाशी बोलायचं कसं, हे सहसा कुणी विचारत नाही. ते आपणच ठरवून घ्यायचं, आणि मशीन कानात असताना ठरवायचं. टेबलावर झोपल्यावर ठरवायला गेलं की फक्त हातवारे उरतात.

मी काय केलं ते सांगते. अपॉइंटमेंट फोनवर घेतली (फोन मिस्टरांनी केला, मला फोनवर नीट उमगत नाही) तेव्हाच सांगितलं की पेशंट मशीनशिवाय ऐकू शकत नाही, दहा मिनिटं जास्त धरा. नौपाड्यातल्या सेंटरवर सकाळी फार गर्दी असते म्हणून दुपारची वेळ मागितली. फॉर्ममध्ये 'शरीरात धातू आहे का, पेसमेकर आहे का' असे प्रश्न असतात. त्यात श्रवणयंत्राचाही रकाना होता. तिथे नुसती खूण न करता पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'दोन्ही कान. काढल्यावर ऐकू येत नाही.'

मग टेक्निशियनला बाहेरच भेटले, मशीन कानात ठेवूनच. तरुण मुलगा होता, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. आमचं असं ठरलं: पायावर एकदा थोपटलं की फेरी सुरू होतेय, हलायचं नाही. दोनदा थोपटलं की ती फेरी संपली, हात-पाय जरा सैल करायला हरकत नाही. खांद्यावर हात ठेवला की संपलं, बाहेर काढतोय. मी ठीक असेन तर अंगठा वर करायचा. नको झालं तर हातातला रबरी फुगा दाबायचा आणि तो दाबला की त्यानं बोलण्यात वेळ न घालवता सरळ आत यायचं. शेवटचं मी मुद्दाम म्हणवून घेतलं. एरवी फुगा दाबला की ते आधी स्पीकरवरून 'काय झालं?' विचारतात, आणि मला तर ते कळणारच नाही. झोपल्यावर एकदा फुगा दाबून बघितला, त्यानं काचेतून हात हलवला, मग आत गेले.

मशीन अगदी शेवटच्या दारापर्यंत कानातच ठेवलं. कपडे बदलायच्या खोलीतच काढून द्या असं आधी सांगत होते, पण तिथून पुढे नाव विचारणं, इंजेक्शनचं विचारणं, पाठीखाली उशी हवी का, हे सगळं व्हायचं असतं. म्हणून दारात काढून मिस्टरांच्या हातातल्या डबीत ठेवलं.

आतला अनुभव लिहिते, कारण त्याचीच मला जास्त भीती होती. आवाज मला पुसट येत होता, पण टेबलाचा कंप पाठीला स्पष्ट कळतो. कंप सुरू म्हणजे फेरी चालू, थांबला म्हणजे मधली विश्रांती. हे आधी माहीत असेल तर आपण हरवत नाही. माझे पाय बोगद्याच्या बाहेरच्या बाजूला होते, त्यामुळे थोपटणं व्यवस्थित जमलं.

जाताना हातात ही चिठ्ठी होती. हवी तशी बदलून घ्या:

*मी कानाचं मशीन वापरते. ते काढल्यावर स्पीकरवरची सूचना मला ऐकू येणार नाही.*
*फेरीच्या आधी पायावर एकदा थोपटा. फेरी संपल्यावर दोनदा.*
*बाहेर काढताना खांद्यावर हात ठेवा.*
*इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी लिहून दाखवा.*
*मी फुगा दाबला तर लगेच आत या.*
*माझ्या कानांनाही इयरप्लग हवेत.*

शेवटच्या ओळीबद्दल कुणी जाणकारांनी नीट लिहावं ही विनंती. मला ते ऑडिओलॉजिस्टनी सांगितलं होतं, कारण मात्र पूर्ण समजलं नाही. आणखी कुणाचे अनुभव असतील तर जरूर लिहा.

---

माजिवडा_नाका

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या वडिलांच्या वेळी इयरप्लग मागितले तर उत्तर मिळालं, 'त्यांना ऐकूच येत नाही ना, मग कशाला?' तेव्हा आम्हालाही ते पटलं होतं. बाबा बाहेर आले तेव्हा कानात शिट्टी वाजतेय म्हणत होते, दोन दिवस तीच तक्रार. खरंच काही संबंध असतो का?

---

घंटाळी

वाचतेय. आईचा मेंदूचा एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे. तिला मशीनपेक्षा मंगळसूत्र आणि जोडवी काढायचा जास्त ताण आलाय. काय सांगू तिला?

---

ऑडिओ_वाली

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ठाण्यात प्रॅक्टिस करते. माजिवडा_नाका यांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण हा गैरसमज पेशंटच्या घरी असतो आणि दवाखान्यातही असतो.

कमी ऐकू येणं म्हणजे सगळेच आवाज सारख्या प्रमाणात लहान होणं नव्हे. वयामुळे किंवा आतल्या कानातल्या पेशी गेल्यामुळे येणाऱ्या बहिरेपणात बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, पण मोठा आवाज मोठाच लागतो. कित्येकदा तर इतरांपेक्षा जास्त टोचतो. तुमच्या घरातले आजी-आजोबा म्हणतात ना, 'अरे जोरात बोल', आणि जोरात बोललं की 'ओरडतोस कशाला?' त्यांची तक्रार दोन्ही वेळा खरी असते. त्यांना ऐकू येऊ लागतं ती पातळी आणि आवाज सहन होत नाही ती पातळी, यांतलं अंतर कमी झालेलं असतं.

एमआरआयचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. कानाशी पोचणारा आवाज ९९ डेसिबलच्या आत राखण्यासाठी कानांना संरक्षण देणं हा आंतरराष्ट्रीय मानकाचाच भाग आहे, आणि त्यात 'ज्यांना नीट ऐकू येतं त्यांनाच' अशी सूट नाही. ज्याच्याकडे ऐकण्याचं भांडवल कमी उरलंय त्यानं ते जास्त जपायला हवं. मशीन चालतं ते त्या उरलेल्या ऐकण्यावरच. ते गेलं तर सगळ्यात महागडं मशीनही काही करू शकत नाही.

बाबांच्या कानातली शिट्टी मोठ्या आवाजानंतर काही तास ते एखाद-दोन दिवस राहू शकते आणि बहुतेक वेळा जाते. पण स्कॅननंतर ऐकू येणं आणखी कमी वाटलं, किंवा एक कान अचानक बंद झाला, तर 'होईल बरं' म्हणून थांबू नका. अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले काही दिवस मोलाचे असतात, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

फोमचे प्लग लावायची पद्धतही सांगते, कारण नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग नाही. बोटांत दाबून बारीक वात करायची, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. वयस्कर लोकांना हे स्वतःला जमत नाही. घरच्यांनी करावं किंवा टेक्निशियनला करायला सांगावं. वरून हेडफोन मिळाला तर तोही घ्या. डोक्याच्या कॉइलमध्ये तो बसत नाही, तिथे प्लग आणि बाजूला फोमचे तुकडे लावतात.

कान मळानं भरलेला असेल तर स्कॅनच्या काही दिवस आधी साफ करून घ्या. मशीन वापरणाऱ्यांच्या कानात मळ जास्त साठतो, आणि मळावर प्लग रेटला की तो आत ढकलला जातो.

---

तलावपाळी

ऑडिओ_वाली, मनापासून आभार. आता कळलं. चिठ्ठीतली ती ओळ मी शेवटून पहिल्या नंबरवर नेते.

घंटाळी, आईंना सांगा की मंगळसूत्र तुमच्या हातात देऊन जायचं. मी माझं मिस्टरांकडे दिलं. काही ठिकाणी लॉकर असतो, पण आईंना तुमच्याकडे दिल्यावर जास्त बरं वाटेल. काचेच्या बांगड्यांचं काय ते कुणी तरी सांगा.

---

चुंबकघर

मी एमआरआय टेक्निशियन, नवी मुंबईत काम करतो. तलावपाळीताईंनी लिहिलेलं सगळं आमच्या बाजूनंही बरोबर आहे, आणि आम्हाला असे पेशंट आवडतात जे आधी सांगतात.

आधी दागिन्यांचं. सोनं आणि चांदी लोहचुंबकाला चिकटत नाहीत. पण वीज वाहून नेणारी कुठलीही वस्तू स्कॅनच्या वेळी तापू शकते आणि चित्रात डाग पाडते. शिवाय मंगळसूत्राच्या वाटीजवळची कडी, पोतीचा हुक, नथीची तार नक्की कशाची आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून सगळंच काढायचं. जोडवी, करगोट्यातली चांदी, ताईत, केसातल्या पिना, साडीच्या सेफ्टी पिना, दातांची कवळी, सगळं. काचेच्या बांगड्या चालतात, पण त्यातल्या काहींवर धातूची जर असते, त्यामुळे दाखवून घ्या.

आता श्रवणयंत्राचं. लोक विचारतात, 'स्कॅन सुरू व्हायला वेळ आहे ना, तोवर कानात असू दे, बोलता येईल.' खोलीच्या दाराबाहेर जरूर असू दे. दाराच्या आत नाही, एक पाऊलही नाही. आमचं चुंबक बटण दाबल्यावर सुरू होणारं नसतं. आतली वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवलेली असतात आणि त्यातून प्रवाह कायम फिरत असतो. रात्री, रविवारी, वीज गेल्यावरसुद्धा. चुंबकाची ताकद टेस्लामध्ये मोजतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. कानाच्या मशीनमधल्या छोट्या स्पीकरमध्ये स्वतःचं बारीक चुंबक असतं, त्याची ताकद या क्षेत्रात बिघडते. सेलच्या पोलादी कवचाला ओढ बसते. मशीन कानातून निघून उडूही शकतं आणि कायमचं खराबही होऊ शकतं.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. २०१४ मध्ये खारघरच्या टाटाच्या अॅक्ट्रेकमध्ये (कॅन्सरचं संशोधन-उपचार केंद्र) ऑक्सिजनचा सिलिंडर आत गेल्यामुळे दोन कर्मचारी यंत्राला चिकटून काही तास अडकले होते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटबरोबर सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाईकाचा जीव गेला. या दोन्ही बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या होत्या. त्यामुळे दारात कुणी अडवलं तर राग मानू नका.

दोन गोष्टी नेहमी राहून जातात. पहिली म्हणजे कानाच्या पूर्ण आत बसणारी मशीन. ती आम्हाला दिसत नाहीत. पेशंट स्वतःही त्यांना इतका सरावलेला असतो की विसरतो. म्हणून फॉर्मवर लिहा आणि तोंडानंही सांगा. दुसरी म्हणजे सोबत आत येणारा नातेवाईक. आजोबांबरोबर आजी आत येतात, आजोबांचं मशीन काढलेलं असतं आणि आजींचं कानातच असतं. आत येणाऱ्या प्रत्येकाला पेशंटइतकीच तपासणी, आणि प्रत्येकाला इयरप्लग. सोबत येणाऱ्याला पेसमेकर असेल तर दुसरं माणूस आणा.

पर्समध्ये, खिशात सुटे सेल असतात, तेही बाहेरच ठेवा.

---

माजिवडा_नाका

बाबांचा शिट्टीचा त्रास दोन दिवसांत गेला होता, आता कारण समजलं. पुढच्या वेळी भांडून प्लग घेईन. 'ओपन एमआरआय' (बोगद्याऐवजी बाजूंनी मोकळा) असेल तर मशीन ठेवता येतं का?

---

चुंबकघर

नाही. ओपनमध्ये चुंबक कमी ताकदीचं असतं, पण असतंच. काढावंच लागेल. भांडायची गरज पडू नये खरं तर, प्लग मागितल्यावर मिळालेच पाहिजेत. घरून नेलेले नवे फोमचे प्लगही चालतात, धातूचं काही नसलेले. दोरी नसलेले आणा.

---

ऐरोलीचा_बाबा

श्रवणयंत्र आणि कॉक्लियर इम्प्लांट यांत लोक गल्लत करतात, म्हणून लिहितो. आमच्या मुलीला लहानपणीच कॉक्लियर इम्प्लांट झालंय, म्हणजे ऑपरेशन करून आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र. बाहेरचा प्रोसेसर काढला तरी कातडीखाली एक चुंबक आणि रिसीव्हर कायम असतो. म्हणजे 'काढून ठेवलं, झालं' हा हिशेब इथे चालत नाही.

तिला फिट आल्यावर मेंदूचा एमआरआय सांगितला. पहिल्या सेंटरनं इम्प्लांट ऐकल्याबरोबर नाही म्हटलं. दुसऱ्यानं काही न विचारता तारीख दिली, आणि मला त्या नकारापेक्षा ती तारीख जास्त धोक्याची वाटली. मग ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडे गेलो. त्यांनी इम्प्लांटचं कार्ड मागितलं. त्यावर कंपनी आणि मॉडेल असतं आणि प्रत्येक मॉडेलसाठी कंपनीची एमआरआयची वेगळी अट असते: किती टेस्लापर्यंत चालेल, डोक्याला घट्ट पट्टा बांधायचा का, आतलं चुंबक आधी काढावं लागेल का. जुन्या काही मॉडेलमध्ये छोटं ऑपरेशन करून चुंबक काढावं लागतं. अलीकडच्या काही मॉडेलमध्ये आतलं चुंबक फिरू शकतं, ते यंत्राच्या क्षेत्राप्रमाणे स्वतःच वळतं, त्यामुळे ओढ कमी बसते आणि काढावं लागत नाही.

मुलीचं मॉडेल १.५ टेस्लाला, पट्टा बांधून, अशा अटीचं होतं. सर्जननी पत्र दिलं, पट्टा त्यांच्याच टीमनं बांधला, भूलतज्ज्ञ हजर होते. रेडिओलॉजिस्टना आधी फोन झाला होता, कारण इम्प्लांटच्या बाजूला चित्रात मोठी काळी सावली पडते आणि तिथलं मेंदूचं दिसत नाही. जे बघायचं होतं ते दुसऱ्या बाजूला होतं, म्हणून उपयोग झाला. सावलीतच बघायचं असतं तर सीटी स्कॅनचा विचार करू म्हणाले होते.

सगळ्या पालकांना कळकळीची विनंती: ते कार्ड हरवू देऊ नका. फोटो काढून आई, बाबा, शाळा, सगळ्यांच्या मोबाइलवर ठेवा. आणि कुठल्याही स्कॅनच्या आधी 'कानाचं मशीन आहे' असं सांगू नका, 'डोक्यात इम्प्लांट आहे' असं सांगा. पहिलं ऐकलं की लोकांना वाटतं काढलं की झालं.

---

ऑडिओ_वाली

ऐरोलीचा_बाबा, फार नेमकं लिहिलंत. कवटीच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायची मशीन असतात, त्यांच्याबद्दलही हेच. साध्या टायटॅनियम स्क्रूच्या प्रकारात बाहेरचा भाग काढला की सहसा अडचण येत नाही, पण ज्यात कातडीखाली चुंबक असतं त्यांना मॉडेलप्रमाणे अटी आहेत. कार्ड दाखवल्याशिवाय कुणीही 'चालेल' किंवा 'चालणार नाही' म्हणू नये.

---

पारसिक_डोंगर

माझ्या कानात स्टेपीजचं (कानातल्या छोट्या हाडाचं) ऑपरेशन झालंय, हाडाच्या जागी पिस्टन घातलाय. खूप जुनी गोष्ट आहे. आता मानेचा एमआरआय सांगितलाय. कागदपत्रं सापडत नाहीत.

---

चुंबकघर

पारसिक_डोंगर, फॉर्मवर नक्की लिहा. आजचे बहुतेक पिस्टन टेफ्लॉन, टायटॅनियम अशा पदार्थांचे असतात आणि त्यांना एमआरआय चालतो. पण १९८० च्या दशकातल्या काही पिस्टनमध्ये चुंबकाला ओढलं जाणारं स्टील होतं, म्हणून वर्ष महत्त्वाचं. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्डमधून कागद मिळतो का बघा. नाहीच मिळाला तर सेंटरच्या रेडिओलॉजिस्टशी तुमच्या ईएनटी डॉक्टरांचं बोलणं करून द्या. निर्णय त्यांनी घ्यावा, रिसेप्शननं नाही.

---

वाशी_खाडीपूल

माझे आई-बाबा दोघंही जन्मापासून बहिरे आहेत, घरात आम्ही खुणांच्या भाषेतच बोलतो. मशीन दोघंही वापरत नाहीत. त्यामुळे हा धागा वाचताना वाटलं, ताईंनी जे थोपटण्याचं ठरवलं ते आमच्याकडे रोजचंच आहे. आईला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटतो, खांद्याला हात लावतो, दिवा लावतो-विझवतो.

आईच्या मेंदूच्या स्कॅनच्या वेळी एक गोष्ट फार उपयोगी पडली. डोक्याच्या कॉइलवर छोटा आरसा बसवता येतो. त्यात झोपल्या झोपल्या पायाच्या दिशेचं बाहेरचं दिसतं. मी सगळी तपासणी करून, प्लग घालून पायाशी उभी राहिले. फेऱ्यांच्या मध्ये आई मला आरशात बघत होती आणि मी खुणेनं सांगत होते, 'अजून एक, मोठी आहे', 'आता संपत आली'. फेरी चालू असताना मी हात स्थिर ठेवले, नाही तर ती उत्तर द्यायला हात उचलेल. आरसा सगळीकडे असतो असं नाही, असला तरी आपण मागितल्याशिवाय लावत नाहीत. मागा.

आणि दिवे मालवू देऊ नका. काही ठिकाणी पेशंटला झोप लागावी म्हणून आतला प्रकाश कमी करतात. ऐकू न येणाऱ्या माणसाला अंधारात ठेवणं म्हणजे त्याचं सगळंच बंद करणं.

एक अधिकाराची गोष्ट. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येत खुणांची भाषा आहे आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याची संकल्पनाही आहे. मी तो कायदा तिथे कधी काढून दाखवला नाही, शांतपणे समजावलं की लोक ऐकतात. पण आपण उपकार मागत नाही आहोत, हे आपल्या मनात पक्कं असलं पाहिजे.

---

तलावपाळी

वाशी_खाडीपूल, तुमचा प्रतिसाद मी मिस्टरांना वाचून दाखवला. आरसा आणि दिव्याचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. चिठ्ठीत दोन ओळी वाढवते: *खोलीतला दिवा चालू ठेवा. आरसा असेल तर लावा.*

---

सीवूड्सकर

माझा प्रश्न वेगळा आहे. वडिलांना कावीळ होती, पित्तनलिकेत खडा असल्याची शंका आहे, म्हणून एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) सांगितलंय. सेंटरवाले म्हणतात त्यात वारंवार श्वास रोखावा लागतो, स्पीकरवर 'श्वास घ्या, सोडा, रोखा' सांगतात. वडील मशीनशिवाय काहीच ऐकत नाहीत. थोपटून हे कसं जमणार? परवा तारीख आहे.

---

चुंबकघर

जमतं, पण बाहेर सराव करावा लागतो.

पहिला पर्याय असा की श्वास न रोखता करायचं. पोटावर पट्टा किंवा छोटी उशी लावतात, ती श्वासाची लय पकडते आणि यंत्र त्या लयीप्रमाणे चित्र घेतं. वेळ जास्त लागतो, पण एमआरसीपीच्या बऱ्याच फेऱ्या अशा होतात. वडिलांनी फक्त संथ, सारखा श्वास घेत राहायचं. टेक्निशियनला आधीच सांगा की शक्य तितकं असं करा.

काही फेऱ्यांना रोखावाच लागला तर: तुमच्यापैकी एकजण आत थांबेल, वडिलांच्या नडगीवर हात ठेवेल. हात घट्ट दाबला की श्वास सोडून रोखायचा. दाब सोडला की श्वास घ्यायचा. टेक्निशियन काचेतून तुम्हाला हातानं इशारा करेल, तुम्ही वडिलांना. हे घरी पलंगावर झोपवून करून बघा. वीस सेकंद जमत असेल तर उत्तम, कमी जमत असेल तर तेवढंच टेक्निशियनला सांगा, फेरी छोटी करता येते. श्वास घेऊन नाही, सोडून रोखायचा हेही घरीच पक्कं करा, कारण प्रत्येक वेळी पोट एकाच जागी यायला हवं. सेंटर काही वेगळं सांगत असेल तर त्यांचं ऐका.

एमआरसीपीला काही तास उपाशी ठेवतात. वयस्कर माणूस, मधुमेह असेल तर तेही बोलून घ्या आणि शक्यतो सकाळची वेळ घ्या.

---

ऑडिओ_वाली

सीवूड्सकर, मशीन काढल्यावर ते चार्ज होणारं असेल तर त्याच्या डबीत ठेवा, सेलचं असेल तर सेलचं झाकण उघडून कडक डबीत ठेवा. रुमालात, कागदात गुंडाळू नका, ते कचऱ्यात जातं. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की सिलिका जेलची डबी असेल तर तीच न्या. स्कॅन संपल्यावर वडिलांना उठवून बसवलं की काही सांगायच्या आधी दाराबाहेर आणून मशीन कानात घाला. रिपोर्ट कधी, जेवायचं कधी, सलाईनची सुई काढायची का, हे सगळं त्यानंतर.

---

घंटाळी

आईचा एमआरआय झाला. जोडवी काढायला साबण लागला, बाकी मंगळसूत्र शांतपणे माझ्या हातात दिलं. चिठ्ठी टेक्निशियनच्या हातात दिली, तिनं ती काचेवर चिकटवली. आरसा होता, मागितल्यावर लावला. आई म्हणाली, तुझे पाय दिसत होते म्हणून बरं वाटलं. मला दिवा आणि प्लग दोन्हींसाठी सांगावं लागलं, पण ऐकलं.

एका कानानं जास्तच कमी ऐकू येतं म्हणूनच आईला हा स्कॅन सांगितला होता, ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायला. गाठ नाही. डॉक्टर म्हणाले दोन कानांत असा फरक असला की हे तपासून घेणं योग्य असतं.

---

सीवूड्सकर

वडिलांचं आज झालं. धाकटा भाऊ आत होता. काल रात्री दोघांनी पलंगावर सराव केला होता, वडिलांना पंधरा सेकंदांच्या वर जमत नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी बहुतेक सगळं पट्ट्यावर केलं आणि थोड्याच फेऱ्या रोखून. एका फेरीत वडिलांनी मध्येच श्वास घेतला, ती परत घेतली, कुणी चिडलं नाही. खडा दिसलाय, आता पुढचं पोटाचे डॉक्टर ठरवतील.

एक अडचण मात्र सांगतो. आमच्या सेंटरवरच्या टेक्निशियन मॅडम केरळच्या होत्या, मराठी बोलतात पण वाचता येत नाही. भावानं चिठ्ठी वाचून दाखवली म्हणून निभावलं. एकट्या माणसाला ते जमणार नाही. ताई, हिंदीतही चिठ्ठी करून इथे टाकाल का?

---

तलावपाळी

सीवूड्सकर, वडिलांची काळजी घ्या, खडा सापडला हे बरं झालं, आता उपाय होईल. घंटाळी, आईंचं वाचून फार बरं वाटलं.

हिंदी चिठ्ठी आज रात्री करते, ती हिंदी चांगलं असणाऱ्या कुणीतरी तपासून द्या. इंग्रजी चुंबकघर यांनी करावी, म्हणजे दवाखान्यात जे शब्द चालतात तेच येतील. वाशी_खाडीपूल, खुणांची भाषा वापरणाऱ्यांसाठी चित्रांची चिठ्ठी करता येईल का? थोपटणारा हात, अंगठा, फुगा, आरसा एवढीच चार चित्रं. माझी भाची चित्रं काढते, तुम्ही कुठली खूण कशी दाखवायची ते सांगितलंत तर शनिवारपर्यंत काढून देईल.